जिल्हा कोणत्या तारखेचा?

सकाळी ८.४५

संपादकांचा फोन. दिवाळी अंकात कोकणातून ओसरत चाललेल्या वस्तीवर लेख आहे, त्याला नकाशा हवा. २००१ ते २०११ या दशकात कोणत्या जिल्ह्याची लोकसंख्या किती वाढली, किती घटली, एवढंच दाखवायचं. "अहो, जिल्ह्यांचा नकाशा नेटवर पडलेलाच असतो. तुम्ही फक्त रंग भरायचे. संध्याकाळी पान छपाईला जातंय."

नेटवर पडलेलं असतं ते नकाशाचं चित्र. मला हवी असते हद्द. म्हणजे जिल्ह्याच्या कडेकडेने जाणाऱ्या हजारो बिंदूंचे अक्षांश-रेखांश, ओळीने लिहिलेले, शेवटी पहिल्या बिंदूला येऊन मिळणारे. अशा प्रत्येक आकृतीला जिल्ह्याचं नाव आणि कोड चिकटवलेला असतो. जनगणनेचा आकडा जोडायचा तो त्या कोडला. चित्राला काही जोडता येत नाही, ते नुसतं बघता येतं.

९.३०

चहाबरोबर पहिला निर्णय: फाइल कुणाकडून घ्यायची? जगभरच्या प्रशासकीय हद्दी एका जागी देणारे संच मोजके आहेत. नॅचरल अर्थ हा त्यातला सगळ्यात हलका आणि पूर्ण मोकळा. कुणी कशालाही वापरावा. पण तो एकास १ कोटी, ५ कोटी आणि ११ कोटी अशा प्रमाणांवर बेतलेला. त्यात राज्यं सापडतात, आपले जिल्हे नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये स्वयंसेवकांनी रेखलेल्या हद्दी आहेत. तिथे भारतासाठी राज्याला ४, जिल्ह्याला ५ आणि तालुक्याला ६ अशी पातळी ठरलेली आहे. त्या सतत दुरुस्त होत राहतात, त्यामुळे आजचं चित्र हवं असेल तेव्हा उत्तम.

संशोधकांचा आवडता संच म्हणजे जीएडीएम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले रॉबर्ट हाइमान्स यांनी तो उभा केला. पातळी ० म्हणजे देश, १ राज्य, २ जिल्हा, ३ तालुका. अभ्यासासाठी तो फुकट आहे, पण व्यापारी वापराला परवानगी लागते. आणि दिवाळी अंक विकला जातो. दुसरा संच जिओबाउंडरीज, अमेरिकेतल्या विल्यम अँड मेरी विद्यापीठाचा. त्याच्या खुल्या भागाचा परवाना श्रेय देऊन कशालाही वापरू देतो. त्याची आणखी एक गोष्ट मला आवडते. मागणी पाठवली की उत्तरात डाउनलोडच्या पत्त्याबरोबर एक रकानाही येतो: ही हद्द कोणत्या वर्षाची आहे. बाकी ठिकाणी ते वर्ष आपल्याला शोधून काढावं लागतं.

आपल्याकडचं अधिकृत घर म्हणजे १७६७ साली सुरू झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग. प्रशासकीय हद्दींचा संच त्यांच्या पोर्टलवर मिळतो. शिवाय डेटामीट या खुल्या डेटावाल्या भारतीय मंडळींनी २०११ च्या जनगणनेच्या वेळचे जिल्हे तयार करून ठेवलेत, तेही श्रेय देऊन वापरता येतात. मी वहीत दोन नावं लिहिली: उजळणीसाठी जीएडीएम, छपाईसाठी २०११ चे जिल्हे.

१०.१५

शिकायला आलेला मुलगा हजर. त्याला आज आर भाषेत डाउनलोड शिकवायचं ठरलेलं होतं. आरमध्ये जिओडेटा नावाचं पॅकेज आहे, तेही हाइमान्स यांचंच. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: देशाचा तीन अक्षरी कोड, पातळी आणि फाइल ठेवायचं फोल्डर. एक ओळ, एंटर.

"ताई, अडकलं."

अडकणारच होतं. आरमध्ये फाइल उतरवायची मुदत मुळात ६० सेकंदांची असते. फाइल मोठी आणि नेट मंद असेल तर ती अर्ध्यात तुटते. मुदत वाढवायची आणि पुन्हा चालवायचं. दुसऱ्यांदा फाइल आली. तिसऱ्यांदा त्याने तीच ओळ चालवली तेव्हा क्षणात काम झालं, कारण पॅकेज आधी फोल्डरात बघतं आणि असलेली फाइल परत मागवत नाही. ही सवय स्वतःच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लावून घ्यावी. कुणीतरी फुकट चालवलेल्या सर्व्हरवर तीच फाइल दिवसभर ओढत राहणं बरं नव्हे.

मग २०११ च्या जिल्ह्यांची फाइल. ही शेपफाइल आहे, म्हणजे मागवली एक आणि आलं बिऱ्हाड: एकीत आकार, दुसरीत अनुक्रमणिका, तिसरीत तक्ता, चौथीत नकाशाचं प्रक्षेपण. एक जरी मागे राहिली तरी संसार धड मांडता येत नाही. तक्त्याच्या रकान्यांची नावं दहा अक्षरांच्या पुढे जाऊ शकत नाहीत, आणि देवनागरी असेल तर अक्षरांचे चौकोन होण्याची भीती कायमची. म्हणून आल्या आल्या तिचं जिओपॅकेजमध्ये रूपांतर केलं. सगळं एका फाइलमध्ये, मराठी नावांसकट. मूळ फायली 'कच्चा माल' या फोल्डरात, तिथे पुन्हा हात लावायचा नाही.

"झालं की मग," मुलगा म्हणाला. "रंगच भरायचे उरले."

११.१०

रंगांच्या आधी मोजणी. देशाची फाइल उघडून कोणत्या देशकोडाखाली किती आकृत्या आहेत ते पाहायला सांगितलं. जीएडीएममध्ये भारताच्या कोडबरोबर झेडने सुरू होणारे काही कोडही दिसतात. एकाहून जास्त देश ज्या भूभागावर दावा सांगतात त्यांना हा संच वेगळे कोड देतो. जम्मू-काश्मीरचा भाग असाच वेगळा पडतो. फक्त भारताचा कोड ठेवून नकाशा काढला तर देशाचं डोकं उडालेलं दिसतं.

परदेशी संशोधकाला ही तांत्रिक सोय वाटेल. आपल्याकडे हा कायद्याचा प्रश्न आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आमच्या पानावर महाराष्ट्रच आहे, पण संपादकांना कोपऱ्यात छोटा भारत आणि त्यात महाराष्ट्र ठळक असं हवं होतं. तो चिमुकला भारत फक्त सर्वेक्षण विभागाच्या बाह्यरेषेवरूनच काढायचा, नाहीतर काढायचाच नाही. मी दुसरा मार्ग घेतला. मराठी वाचकाला महाराष्ट्र कुठे आहे ते दाखवायची गरज नाही.

राज्याच्या आतही सगळ्या शिवा मिटलेल्या नाहीत. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघंही हक्क सांगतात. बेळगावसह सीमाभागाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. फाइलमध्ये मात्र प्रत्येक रेष सारख्याच जाडीची, सारख्याच खात्रीची. वाद कुठे आहे हे बिंदूंच्या यादीवरून कळत नाही.

१२.००

आता मुख्य गाठ. महाराष्ट्रात जिल्हे किती? शाळेतली मुलं ३६ म्हणतील, आणि ते आजचं बरोबर उत्तर आहे. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा ते २६ होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये नंदुरबार आणि वाशिम, १९९९ मध्ये गोंदिया आणि हिंगोली. झाले ३५. छत्तिसावा पालघर, १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला. म्हणजे २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणना ३५ जिल्ह्यांच्या आहेत.

मुलाने आधी आजच्या ३६ आकृत्यांना २०११ चे आकडे जोडून पाहिले. पालघर रिकामा, पांढरा. तो लगेच दिसतो, म्हणून त्याची काळजी नाही. घात करतं ते शेजारचं ठाणं, कारण तिथे रंग भरलेला आहे. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत जास्त. हा सगळा आकडा आता अर्ध्याहून लहान झालेल्या आकृतीत कोंबला गेला. घनता काढली असती तर ती भलतीच निघाली असती, आणि संगणकाने एक अक्षरही तक्रार केली नसती.

"मग पालघरला आकडाच नाही?" त्याने विचारलं.

आहे, पण तो तालुक्यांत विखुरलेला आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात पंधरा तालुके होते. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ पालघरला गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ, मुरबाड आणि शहापूर हे सात ठाण्याकडे राहिले. तालुक्यांचे आकडे या वाटणीने मिळवले की आजच्या ठाण्याचे २०११ मधले लोक ८०,७०,०३२ आणि पालघरचे २९,९०,११६. दोन्हींची बेरीज जुन्या ठाण्याशी शेवटच्या माणसापर्यंत जुळते. आकृत्यांचंही तसंच. तालुके गटाने एकत्र केले की आरमधलं एसएफ पॅकेज मधल्या रेषा पुसून बाहेरची कड ठेवतं.

दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. ३५ जिल्ह्यांच्या नकाशात डोंगरातला मोखाडा ठाणे-कल्याणच्या रंगात रंगतो, दशकात ३६.०१ टक्के वाढीच्या. पालघर वेगळा केला तरी मोखाड्याला १२ लाखांहून जास्त वस्तीच्या वसई-विरार शहराबरोबर एकाच रंगात बसावं लागतं. वाढ कुठे झाली हे आकड्यांइतकंच हद्द कुठून ओढली यावरही ठरतं.

शेवटी मी ३५ ठेवले. लेख एका दशकातल्या बदलाचा आहे, आणि त्या दशकाची दोन्ही टोकं याच ३५ जिल्ह्यांनी मोजलेली आहेत. ठाण्याच्या आत पालघरची रेष बारीक तुटक काढायची आणि खाली टीप द्यायची.

दुपारी १.१५

डबा. मुलाने विचारलं, जिल्हे वाढले तर ही सगळी कामं परत करायची? पोळी संपेपर्यंत उत्तर टाळलं.

२.००

जोडणी. नावांनी जोडायला मी ठाम नकार दिला, आणि कारण तक्त्यातच होतं. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात आपला रायगड आणि छत्तीसगडचा रायगढ यांचं स्पेलिंग एकच. औरंगाबाद तेव्हा आपल्याकडेही आणि बिहारमध्येही. बीड, गोंदिया, अहमदनगर यांची स्पेलिंगं तर प्रत्येक संचात निराळी. तालुक्यांत उतरलं की गोंधळ वाढतो. कर्जत रायगडातही आणि नगरमध्येही, खेड पुण्यातही आणि रत्नागिरीतही, मालेगाव नाशिकमध्येही आणि वाशिममध्येही.

म्हणून कोड. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७, आणि जिल्हे नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत. पुणे ५२१. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेचे कोड वेगळे, त्यांची यांच्याशी सरमिसळ करायची नाही. तालुक्यांचे कोड पाच अंकी आणि आपल्याकडे शून्याने सुरू होणारे. एक्सेलमध्ये फाइल नुसती उघडून जतन केली तरी ते शून्य गळून पडतं आणि कोड चार अंकी होतो. मग जोडणीत सगळे तालुके अनाथ. कोड हा दिसायला आकडा असला तरी त्याची बेरीज-वजाबाकी होत नसते. त्याला अक्षरं म्हणूनच वाचायला लावायचं.

जोडणी झाल्यावर दोन पडताळे. एकही जिल्हा आकड्याविना राहिलेला नाही ना? आणि सगळ्यांची बेरीज ११,२३,७४,३३३, म्हणजे राज्याची २०११ ची लोकसंख्या, येते ना? आली.

मग छापायची नावं. आकडे २०११ चे आहेत, पण वाचक आजचा आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही आजची अधिकृत नावंच नकाशावर जाणार. कोडच्या शेजारी मराठी नावाचा एक रकाना केला. नाव बदललं की तो रकाना बदलायचा, जोडणीला धक्का लागत नाही.

३.१५

क्षेत्रफळ. फाइल अंशांमध्ये आहे, आणि अंशाची लांबी सगळीकडे सारखी नसते. एसएफच्या २०२१ च्या १.० आवृत्तीपासून अंशांतल्या आकृतीचं क्षेत्रफळ गोलावर धरून निघतं, त्यामुळे ही चिंता कमी झाली. राज्याची बेरीज ३,०७,७१३ चौरस किलोमीटरच्या जवळपास आली, फाइल धड आहे.

कागदावर मात्र गोल पसरावाच लागतो. सवयीने लोक यूटीएम ही पट्ट्यांची प्रक्षेपण पद्धत घेतात, पण तिचा ४३ वा पट्टा ७८ अंश रेखांशावर संपतो आणि नागपूर त्याच्या पलीकडे, ४४ व्या पट्ट्यात आहे. राज्य दोन पट्ट्यांत चिरलं जातं. म्हणून राज्याच्या मध्यावर बेतलेलं, क्षेत्रफळ जपणारं आल्बर्स प्रक्षेपण घेतलं.

४.१०

फाइल जड आहे. छपाईच्या पानाला एवढे बिंदू लागत नाहीत, म्हणून विरळ करायचे. एसएफमधली सोपी आज्ञा प्रत्येक जिल्हा सुटा धरून बिंदू कमी करते. मग सातारा आणि सांगलीची सामाईक शीव दोघांकडे वेगळी होते, मध्ये कुठे फट पडते, कुठे एक दुसऱ्यावर चढतो. आरएमॅपशेपर पॅकेज सामाईक रेष एकच धरतं, म्हणून दोन्हीकडे तेच बिंदू राहतात. मूळचं ते ५ टक्के बिंदू ठेवतं. कोकणच्या किनाऱ्याला तेवढे पुरले नाहीत. खाड्यांची तोंडं बुजली, किनारा पट्टीने आखल्यासारखा झाला. कोकणावरच्या लेखात हे चालणार नाही. प्रमाण वाढवलं, आणि लहान आकृत्या गिळायच्या नाहीत अशी ताकीद दिली, नाहीतर मुंबई शहर जिल्हाच नाहीसा व्हायचा.

त्या मुंबईनेच पुढची गाठ घातली. नकाशाची रुंदी १२ सेंटिमीटर, आणि राज्य पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर. म्हणजे १५७ चौरस किलोमीटरचा मुंबई शहर जिल्हा कागदावर जेमतेम साडेतीन चौरस मिलिमीटर. अहिल्यानगर त्याच्या शंभरपटीहून मोठा. आता आकडे बघा. या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या ४.८२ टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गची २.२१ टक्क्यांनी. दोन्ही मिळून लाखभर माणसं. मुंबई शहराची घट ७.५७ टक्के, माणसं अडीच लाखांहून जास्त. राज्यातली सगळ्यात मोठी घट मुंगीएवढ्या ठिपक्यात, आणि तिच्या खाली दोन भलेमोठे लाल जिल्हे. डोळा माणसं मोजत नाही, शाई मोजतो.

मुंबईसाठी शेजारी मोठी चौकट काढली. शिवाय तिन्ही घटत्या जिल्ह्यांवर टक्क्यांबरोबर माणसांचा आकडा लिहिला.

५.३०

रंग. घट एका बाजूला, वाढ दुसऱ्या बाजूला, मध्ये शून्याला फिका. राज्याची सरासरी वाढ १५.९९ टक्के. मुलाने मध्यबिंदू त्या सरासरीवर ठेवून पाहिला, तर १९ टक्क्यांनी वाढलेला रायगड जवळपास रंगहीन दिसायला लागला. लेखाचा प्रश्न 'सरासरीपेक्षा मागे कोण' असा नाही, 'माणसं कुठे कमी झाली' असा आहे. मध्य शून्यावरच.

संपादकांना प्रत पाठवली. लगेच फोन: "पालघर तुटक रेषेत का? पालघरचे वाचक भडकतील."

"२०११ मध्ये तो जिल्हा नव्हता हो. खाली टीप आहे."

"टीप कोण वाचतं?"

"पालघरचे वाचक वाचतील." थोडं हसले, आणि रेष राहिली. कोपऱ्यातल्या भारताचं त्यांना विसरायला झालं होतं, मी आठवण केली नाही.

६.४५

टीप शेवटी अशी छापायला गेली: आकडे जनगणना २००१ आणि २०११, हद्दी २०११ च्या, ३५ जिल्हे, पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्याचा भाग, जिल्ह्यांची नावं आजची, हद्दींसाठी श्रेय डेटामीटला. नकाशाच्या मानाने टीप लांब आहे, पण तिच्यातला एक शब्द काढला तर नकाशा खोटा बोलायला लागतो.

मुलाला दुपारच्या प्रश्नाचं उत्तर आता दिलं. होय, परत करायचं, पण सुरुवातीपासून नाही. सगळा दिवस एका स्क्रिप्टमध्ये आहे: कुठून उतरवलं, कोणत्या दिवशी, कोणती आवृत्ती, काय जोडलं, बेरीज किती यायला हवी. फाइलच्या नावात 'अंतिम' लिहायचं नाही, हद्दीचं वर्ष लिहायचं. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यासाठी हद्दी ३१ डिसेंबर २०२५ च्या स्थितीला गोठवलेल्या आहेत. ते आकडे ३६ जिल्ह्यांचे येतील, आणि कुणीतरी सकाळी फोन करून २०११ शी तुलना मागेल. तेव्हा जुनं ठाणं फोडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून आज छापली न गेलेली वाटणीही फोल्डरात ठेवून दिली: सात तालुके ठाण्याकडे, आठ पालघरकडे, आणि प्रत्येक ओळीत एक रकाना, 'या तारखेपासून'.